हृदयाला मानवणारे आणि जमिनीला परवडणारे जेवण: नाशिकच्या घरात ते कसे बसवावे?

गोदाकाठ

नमस्कार. गेल्या फेब्रुवारीत माझ्या यजमानांची अँजिओप्लास्टी झाली. त्यांचे वय ५४ आहे, वजन बेताचे आहे आणि त्यांनी तंबाखू किंवा सिगारेटला कधी हात लावलेला नाही, त्यामुळे घरातले आम्ही सगळेच बेसावध होतो. रुग्णालयातून घरी सोडताना आहाराचा एक छापील कागद हाती आला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन राइस, कोशिंबिरीवर ऑलिव्ह तेल, मधल्या वेळी बदाम आणि अक्रोड, मासे चालत असतील तर साल्मन आणि चालत नसतील तर पनीर, असे त्याचे स्वरूप होते. बाजरी, नागली (नाचणी), मटकी, हुलगे (कुळीथ), शेंगदाणे यांपैकी एकही नाव त्या कागदावर नव्हते. पहिले दोन महिने मी तो कागद तंतोतंत पाळला आणि किराण्याचे बिल पाहून थक्क झाले.

माझी मुलगी महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकते. तिने एक दिवस विचारले, "बाबांच्या हृदयासाठी आपण जे आणतो, ते पिकवायला जमिनीला आणि पाण्याला काय मोजावे लागते, हे आपण कधी पाहिले आहे का?" हा प्रश्न मनातून जाईना. तेव्हा आम्ही दोघींनी दोन महिने घरात येणारा प्रत्येक जिन्नस वजन करून वहीत लिहिला. घरात आम्ही चौघे आहोत: सासूबाई, यजमान, मी आणि मुलगी.

वहीत जे निघाले ते असे. महिन्याला सहा लिटर तेल संपत होते, म्हणजे माणशी रोज सुमारे ४५ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २,००० कॅलरींच्या दिवसाला स्वयंपाकात आणि वरून घातलेले सगळे तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. मिठाचा एक किलोचा पुडा तीन आठवड्यांत संपत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पोटात जायला हवे, म्हणजे चौघांना तो पुडा निदान पन्नास दिवस पुरायला हवा, आणि यात शेव, फरसाण, पाव, पापड यांतून येणारे मीठ धरलेलेच नाही. पनीर आठवड्याला एक किलो येत होते. मला सर्वाधिक धक्का बसला तो डाळींच्या आकड्याने. तूर, मूग, मटकी, हरभरा सगळे मिळून महिन्याला अवघे तीन किलो, म्हणजे माणशी रोज २५ ग्रॅम. आपण वरण-भात खाणारी माणसे आहोत अशी माझी पक्की समजूत होती; प्रत्यक्षात आम्ही भात खात होतो आणि वरण त्यावर नावापुरते घालत होतो.

माझा प्रश्न असा आहे की, हृदय आणि जमीन या दोघांनाही चालेल असे जेवण आपल्या जिल्ह्यात जे पिकते त्यातून उभे करता येईल का? जिथे दोघांचे जमत नाही, तिथे कोणते पारडे जड धरावे? शेतकरी, आहारतज्ज्ञ आणि ज्यांच्या घरात असाच प्रसंग येऊन गेला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

येवल्याची_काळी

ताई, आपल्या यजमानांच्या प्रकृतीस आराम पडो. मी शेतकरी आहे, त्यामुळे ताटाच्या मातीकडच्या बाजूने लिहितो.

माझ्या वडिलांच्या काळात आमच्या हलक्या, मुरमाड रानात बाजरी असे आणि तिच्या ओळींत मटकी, हुलगे किंवा तूर. ही सांगड कोणी पुस्तकातून शिकलेले नव्हते, पण तिच्यामागे शास्त्र आहे. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र जमिनीत बांधतात, त्यामुळे बाहेरून नत्रखत फारसे द्यावे लागत नसे. मटकी तर अशी चिवट की पावसाने महिनाभर ओढ दिली तरी जमिनीला चिकटून जगते. रब्बीत भारी रानात हरभरा निघे, तोही बहुतांशी जमिनीतल्या ओलीवर.

आज त्याच रानात मका आहे. येवला, नांदगाव, मालेगाव या भागांत बाजरीची जागा मक्याने घेतली, याचे मोठे कारण कोंबडीखाद्य आहे. मक्याला नत्र भरपूर लागतो. युरिया टाकला की त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि हा वायू वजनास वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. मी मका पिकवतो, कारण बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे. मटकीला खात्रीचे गिऱ्हाईक नाही. शहरातल्या चार घरांनी डाळी-कडधान्ये दुपटीने खाल्ली तर माझे रान लगेच बदलणार नाही हे मला कळते, परंतु रान बदलायचे असेल तर त्याची सुरुवात ताटातूनच होते, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट सांगतो. चाळीत साठवलेल्या कांद्याचा मोठा हिस्सा दरवर्षी सडतो, आणि टोमॅटोचा भाव पडला की काढणीची मजुरीही सुटत नाही म्हणून माल रानातच राहतो. त्या मालाला दिलेले पाणी, खत आणि वीज सगळे वाया जाते. शहरातल्या घरात उरलेले अन्न घंटागाडीत जाते, तेव्हा हाच प्रकार दुसऱ्यांदा घडतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून गेले.

पोषणिका

मी अनेक वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. आपली वही मला फार आवडली, कारण रुग्ण आपण काय खातो हे आठवून सांगतात आणि आठवणीत तेल नेहमी कमी असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अँजिओप्लास्टीनंतर दिलेली रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची औषधे कोणत्याही आहारामुळे थांबवायची नसतात. आहार औषधांच्या जोडीने काम करतो, त्यांच्या जागी नव्हे.

आता ताटाकडे वळू. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते कमी करण्याचे आहाराचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) घटवणे. यकृताच्या पेशींवर एलडीएल उचलून घेणारी ग्राहके असतात आणि संपृक्त स्निग्धांश वाढला की ती मंदावतात, त्यामुळे एलडीएल रक्तातच फिरत राहते. दुसरा मार्ग विद्राव्य तंतूंचा आहे. डाळी, कडधान्ये, ओट्स, जव, भेंडी, पेरू यांतला हा चिकट तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून शरीराबाहेर नेतो. मग नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. ओट्सची कीर्ती याच तंतूमुळे आहे आणि त्यांत खोटे काही नाही. परंतु हाच गुण जवात आहे आणि कडधान्यांतही आहे, हे त्या छापील कागदावर यायला हवे होते.

तंतूंबाबत काही आकडे देते. १०० ग्रॅम नागलीत, बाजरीत किंवा चाळून कोंडा न काढलेल्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमहूनही कमी. म्हणजे पोळी शत्रू नाही. मैदा, पाव, खारी, टोस्ट आणि ताट भरून पांढरा भात, यांना आवर घालायचा आहे. नागलीबद्दल सध्या फार मोठे दावे केले जातात. तिच्यात कॅल्शियम भरपूर आहे, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, परंतु नागलीचे बिस्कीट हे शेवटी बिस्कीटच असते आणि नागलीचा पापड हा मिठाचा आणि तळणीच्या तेलाचा पदार्थ असतो. धान्याचे पुण्य त्याच्या पाककृतीला आपोआप मिळत नाही.

डाळींच्या बाबतीत आपल्याला जो धक्का बसला, तो योग्य जागी बसला आहे. राष्ट्रीय पोषण संस्था २,००० कॅलरींच्या ताटात डाळी (मांसाहारी असल्यास अंडी-मांस धरून) रोज ८५ ग्रॅम सांगते. ईट-लॅन्सेट आयोग या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१९ मध्ये पृथ्वीच्या मर्यादांचाही हिशोब धरून जे संदर्भ-ताट मांडले, त्यात शेंगवर्गीय धान्ये ७५ ग्रॅम आहेत आणि त्यांशिवाय शेंगदाणे २५ ग्रॅम वेगळे आहेत. एका संस्थेने भारतीय शरीर डोळ्यांपुढे ठेवले, दुसऱ्या मंडळाने सगळी पृथ्वी, आणि दोघांचा डाव डाळीच्या वाटीतच येऊन पडला. म्हणून माझा आपल्याला पहिला सल्ला असा आहे की, महिन्याचे तीन किलोचे कडधान्य आठ-नऊ किलोवर न्यावे. एकदम नेल्यास पोट फुगेल. दर पंधरवड्याला एकेक किलो वाढवावे, भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि मोड आणून शिजवावे, म्हणजे गॅसही कमी लागतो.

तुपाबद्दल सासूबाईंशी वाद घालू नये. एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅम तुपात, साधारण ३ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश असतो. ज्यांचे एलडीएल कमी करायचे आहे त्यांच्यासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनची मर्यादा एकूण कॅलरींच्या ६ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे १३ ग्रॅम आहे. त्यात वरणावरचा एक चमचा बसतो. बसत नाही ते पामतेलात तळलेले फरसाण, कारण पामतेलाचा निम्मा भाग संपृक्त असतो, आणि बसत नाही ते आठवड्याचे एक किलो पनीर. खोबरेल तेलही 'नैसर्गिक' म्हणून स्वयंपाकात घेऊ नये. त्यात संपृक्त स्निग्धांश ८० टक्क्यांहून अधिक असतो. आपल्याकडची शेंगदाणा, करडई, खुरासणी ही तेले मोजून वापरल्यास उत्तम आहेत. ऑलिव्ह तेल चांगलेच आहे, स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात त्याचा आणि सुक्या मेव्याचा लाभ दिसला होता, पण ४५ ग्रॅमचे २७ ग्रॅम होणे हे बाटली बदलण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. घाण्याचे तेल असले म्हणून ते कितीही घालावे, असेही नाही.

मिठाविषयी एक सावधगिरी सांगते. बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळते, ज्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग पोटॅशियम क्लोराइडने बदललेला असतो. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण घटले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असणाऱ्यांना रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते, म्हणून आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

मोजमाप

चर्चा चांगली चालली आहे, परंतु "जवळचे ते चांगले आणि लांबचे ते वाईट" असे समीकरण मनात धरले जात असेल, तर ते तपासून घ्यावे असे मला वाटते. मी अभियंता आहे आणि या विषयाचा काही काळ अभ्यास केला आहे.

पूर आणि नेमेचेक यांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास मांडला. त्यानुसार मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी सुमारे २६ टक्के अन्नसाखळीतून येतात, परंतु अन्नाच्या या वाट्यात वाहतुकीचा हिस्सा दहा टक्क्यांहून कमी आहे. विमानाने येणारी फळे-भाज्या हा अपवाद. म्हणजे ऑस्ट्रेलियातून जहाजाने आलेल्या ओट्सचा प्रवास हा त्यांचा मोठा दोष नाही. आपण काय खातो हे ते कुठून आले यापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे. जागतिक सरासरीने एक किलो वाटाण्यामागे सुमारे १ किलो, तांदळामागे ४ किलोहून थोडे अधिक, कोंबडीच्या मांसामागे सुमारे १० किलो आणि चीजमागे २० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड-समतुल्य (म्हणजे सगळ्या वायूंचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या मापात धरून) वायू सुटतात. तांदळाचा आकडा धान्यांत मोठा असण्याचे कारण असे की, पाणी तुंबलेल्या खाचरात प्राणवायूविना जगणारे जिवाणू मिथेन तयार करतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या पोटातही तेच घडते, म्हणून बोकडाचे मटण आणि कोंबडी यांना एकाच पारड्यात तोलू नये.

ताईंच्या घरातले पनीर मला याच कारणाने खटकते. एक किलो पनीरला साधारण पाच लिटर दूध लागते. एक लिटर दुधामागे जागतिक सरासरीने सुमारे ३ किलो वायू सुटतात, आणि आपल्याकडे दर जनावरामागे दूध कमी निघत असल्याने येथे हा आकडा सहसा त्याहून अधिक भरतो. म्हणजे शाकाहारी घरही पनीरच्या वाटेने मांसाहाराइतका भार टाकू शकते. येवल्याच्या दादांनी मका आणि कोंबडीचे जे नाते दाखवले, तेही तितकेच खरे आहे. नाशिकजवळचे पनीर आणि लांबची मसूर यांत निवड करायची झाल्यास मी हृदयासाठीही आणि हवेसाठीही मसूर निवडेन.

येवल्याची_काळी

मोजमाप साहेब, वाहतुकीचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो मी नव्याने शिकलो. तरी जवळच्या मालाचा एक लाभ आपल्या आकड्यांत येत नाही. मटकी कोणत्या रानात होते, तिला किती पाणी दिले, फवारणी किती केली, हे आपण मला समोर विचारू शकता. शिवाय दुष्काळी तालुक्यात विहिरीच्या पाण्याचा प्रत्येक तास मोलाचा असतो आणि कार्बनच्या आकड्यात ते पाणी दिसत नाही.

मोजमाप

पाण्याचा मुद्दा आपण म्हणता तसाच आहे, दादा. कार्बनचे माप एकटे पुरत नाही. बदामाचेच पाहा: हृदयाला उत्तम, कार्बनही फारसा नाही, परंतु कॅलिफोर्नियातल्या कोरड्या भागात त्याला सिंचन प्रचंड लागते. शेंगदाणा त्या मानाने पावसावर येतो आणि नत्रही स्वतः बांधतो.

पंचवटी_जुने_घर

माझ्या आईची झडप बदललेली असून तिला वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे. हा धागा वाचून मी तिला रोज मेथी-पालक द्यायला सुरुवात करणार होते. ते योग्य होईल का?

पोषणिका

कृपया थांबा, आणि आधी तिच्या डॉक्टरांशी बोला. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि वॉरफरिन त्याच्याच विरोधात काम करते. पालेभाजी वर्ज्य नसते, मात्र तिचे प्रमाण आठवड्यामागून आठवडे सारखे राहावे लागते. एकदम वाढवल्यास औषधाचा परिणाम कमी होऊन झडपेवर गुठळी होण्याचा धोका असतो. प्रमाण बदलायचे असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या) तपासणीच्या बरोबरीनेच बदलावे.

द्राक्षमळा

मी निफाड तालुक्यातला आहे. आमच्याकडे पाहुणे आले की "नाशिकची रेड वाइन हृदयाला चांगली" असे हमखास ऐकावे लागते. यावर जाणकारांनी एकदा स्पष्ट लिहावे.

पोषणिका

जागतिक हृदय महासंघाने २०२२ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये याबाबत निःसंदिग्ध भूमिका घेतली आहे: हृदयासाठी म्हणून मद्याचे कोणतेही प्रमाण सुचवता येत नाही. वाइनच्या बाजूने रेझव्हेराट्रॉल या ज्या घटकाचा उल्लेख होतो, ते द्राक्षाच्या सालीत असते आणि वाइनमध्ये उतरणारे त्याचे प्रमाण फारच थोडे असते. आपल्या मळ्यातली द्राक्षे नीट धुऊन सालीसकट खावीत, मधुमेह असल्यास मोजून.

पेठचा_शिक्षक

मी पेठ तालुक्यात शिकवतो. नागलीचे नाव धाग्यात वारंवार आले, म्हणून तिच्या घरची परिस्थिती कळवणे मला आवश्यक वाटते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या पश्चिम भागात नागली आणि वरई वरकस जमिनीवर, म्हणजे डोंगरउतारावर होतात. तिथे ना पाट पोहोचतो ना विहीर. पाऊस हेच सिंचन. उन्हाळ्यात शेतकरी फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतात, त्या राखेत रोपे तयार करतात आणि आषाढात चिखलपाण्यात उभे राहून ती लावतात. रासायनिक खत फारसे नसते. राब भाजण्यात फांद्या तोडल्या जातात आणि धूर होतो, ही त्यातली उणी बाजू मी लपवत नाही; गादीवाफ्यावर रोपे करून ती टाळताही येते.

माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी सकाळी नागलीची भाकरी आणि उडदाचे भुजे हे जेवण असे. आता रेशनचा गहू-तांदूळ येतो आणि नागली पोत्यात भरून व्यापाऱ्याकडे जाते. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले, तेव्हापासून शहरात नागलीचे पीठ सुंदर पिशव्यांत दिसू लागले आणि त्याची किंमतही वाढली. परंतु त्या वाढीतला किती भाग उतारावरच्या बाईच्या हातात पडतो, हा प्रश्न मला सतावतो. माझी विनंती एवढीच आहे की, शक्य असेल तिथे नागली महिला बचत गटांकडून किंवा आठवडे बाजारातून थेट, धान्य म्हणून घ्यावी आणि दळून आणावी. पिशवीवरच्या पिठापेक्षा ती स्वस्तही पडते. आपल्या ताटाने एका हृदयाची काळजी घेताना दुसऱ्या घरचे धान्य त्याच्याच ताटातून उठू नये, असे मला वाटते.

उपवासासाठी साबुदाण्याऐवजी भगर घ्यावी का, असे काही पालक मला विचारतात. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यामुळे भगर बरी; मात्र ती कांडलेली असते, म्हणजे तिचा कोंडा बराचसा गेलेला असतो. तिचे तयार पीठ आणून दमट हवेत साठवू नये, त्याला बुरशी धरते आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. भगर निवडून, धुऊन, ताजी शिजवावी.

सराफबाजार_सकाळ

रविवारच्या मिसळीचे काय करावे? आमच्या घरात चार पिढ्यांची ती रीत आहे आणि माझ्या वडिलांनाही गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. ती बंद करा असे सांगण्याचे धैर्य मला होत नाही.

पोषणिका

बंद कशाला करता? मिसळीचा गाभा मोड आलेली मटकी आहे, आणि या संपूर्ण धाग्यात ज्या पदार्थाची सर्वांनी शिफारस केली तो हाच आहे. अडचण मटकीभोवती जमलेल्या गोष्टींची आहे: वर तरंगणारी तर्री, मूठभर शेव, लोण्यासारखा मऊ मैद्याचा पाव आणि सोबतचा तळलेला पापड. घरी करताना मटकी दुप्पट घालावी. कटाला दाटपणा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या मोठ्या वाटणाऐवजी थोडी मटकीच वाटून आणावी, कारण सुक्या खोबऱ्यातही संपृक्त स्निग्धांश पुष्कळ असतो. तेल चौघांना मिळून चार चहाचे चमचे पुरते. शेव वरून चमचाभर, कांदा-कोथिंबीर-लिंबू हवे तेवढे, दोन पावांऐवजी एक, किंवा ज्वारीची भाकरी. मीठ शेवटी, चव घेऊन घालावे, कारण शेवेचे मीठ मागाहून येतेच. बाहेर खाण्याचा प्रसंग आल्यास तर्री वेगळी मागून घ्यावी.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तीन महिन्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण त्याआधी लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

वही चालू आहे. तेल सहा लिटरांवरून चार लिटरांवर आले आहे. साडेतीनपर्यंत जायचे आहे. ते मुख्यतः तळण बंद झाल्याने आणि बाटलीतून ओतण्याऐवजी सकाळी दिवसाचे तेल वाटीत मोजून ठेवल्याने झाले. कडधान्य आता महिन्याला साडेसात किलो लागते. पहिल्या महिन्यात सर्वांची पोटे बिघडली, पोषणिका ताईंनी सांगितले होते तसेच, पण नंतर सवय झाली. पनीर महिन्यातून एकदा येते. त्याच्या जागी छोले, मटकीची उसळ, मुगाचे धिरडे आणि हुलग्याचे शेंगोळे आले. शेंगोळे सासूबाईंनी स्वतः वळले. गेली पंधरा वर्षे त्यांनी ते केले नव्हते, कारण कोणी मागितलेच नव्हते. बदाम-अक्रोडांऐवजी मूठभर भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे ठेवले आहेत. खवट किंवा काळे पडलेले दाणे निवडून टाकते. सकाळचे ओट्स यजमानांना आवडू लागले आहेत, म्हणून आठवड्यातून दोन दिवस ते राहिले. बाकी दिवशी नागलीचे आंबील किंवा भाकरी असते.

मीठ मात्र अजून हाती लागलेले नाही. पुडा तीस दिवस पुरतो, पन्नास नाही. लोणचे आणि पापड ताटातून काढले की सासूबाई जेवणावरून उठतात, आणि ८१ वर्षांच्या माणसाला उपाशी उठवणे मला मान्य नाही. त्यांच्यापुरते लोणचे वेगळ्या वाटीत ठेवते आणि भाजीत मीठ कमी करून लिंबू, चिंच, जवसाची चटणी वाढवते.

यजमानांचे एलडीएल १४८ वरून ७१ वर आले. याचे श्रेय मुख्यतः गोळ्यांचे आहे असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि मीही तसेच समजते. मात्र किराण्याचे बिल त्या छापील कागदाच्या काळातल्या बिलापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले आहे, त्याचे श्रेय गोळ्यांना जात नाही. तो कागद ज्यांनी दिला त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरी पुढच्या तपासणीला जाताना मी आमच्या वहीची एक प्रत त्यांना देणार आहे, जेणेकरून पुढच्या घराला बाजरीचे नाव वाचायला मिळेल.

आता एक व्यावहारिक अडचण आहे. आमच्या गिरणीत दोन किलोचे नागलीचे दळण घ्यायला तयार नसतात, आणि एकदम जास्त दळून आणले तर पीठ टिकेल का, याची खात्री वाटत नाही.

पेठचा_शिक्षक

ताई, बाजरीच्या पिठातला स्निग्धांश लवकर बिघडतो आणि ते आठ-दहा दिवसांत कडवट होते, म्हणून ते थोडे थोडेच दळावे. नागलीत स्निग्धांश फार कमी असल्याने तिचे पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज राहते. दळण्यापूर्वी नागली धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावी. तिच्यात बारीक खडे फार असतात आणि ते चाळणीतून सुटतात, पाण्यात मात्र तळाला बसतात.

गोदाकाठ

सर, ही माहिती फार उपयोगी पडली. आमच्या इमारतीतल्या दोन घरांशी बोलले आहे. तिघींची मिळून सहा किलो नागली एकत्र दळायला गिरणीवाले काका तयार झाले आहेत. पुढचे दळण गुरुवारी आहे. गंगापूर रोड परिसरात कोणाला त्यात आपली नागली घालायची असल्यास बुधवारी रात्रीपर्यंत येथे कळवावे, आणि धुऊन वाळवूनच आणावी.